स्मरणशक्तीची पुडी

आमच्या ह्यांची स्मरणशक्ती मी खाल्ली, असं निरगुडसरच्या निम्म्या गावाचं मत आहे. उरलेल्या निम्म्या गावाला अजून विचारलेलं नाही, म्हणून ते गप्प आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. हे पाटबंधारे खात्यात, कालव्यावर. सगळी नोकरी कालव्याच्या कडेनं फिरण्यात गेली. कुणाच्या शेताला कधी पाणी सुटलं, कुणी रात्रीतून दार फोडलं, कुणी पंपाचा पाईप गवतात लपवला, सगळं ह्यांच्या डोक्यात. साहेब लोक ह्यांना जीपमध्ये पुढं बसवायचे ते ह्या डोक्यामुळं. डोकं चालायचं ते तंबाखूवर, असं ह्यांचं ठाम म्हणणं. डाव्या तळहातावर तंबाखू, अंगठ्यानं चुना, दोन थापट्या, आणि बार गालात गेला की मगच तोंडातून शब्द निघायचा. तोही अर्धाच. माझ्याशी बोलताना निम्मं आयुष्य हे हनुवटी वर करून 'हं… हं' एवढंच म्हणाले. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावत आले, म्हणून संसार टिकला.

निवृत्तीनंतर ह्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. मंचरचे डॉक्टर म्हणाले, आत्ता सोडली तर ठीक, नाही तर पुढं मी जबाबदार नाही. मग मी घरातली प्रत्येक पुडी शोधून चुलीत घातली. चपलेत सापडली, मोटरच्या पेटीत सापडली, गणपतीच्या फोटोमागंही सापडली. देवालाही सामील करून घेतलं होतं. ह्यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. आधीही बोलत नव्हतेच, त्यामुळं मला ते शेजारणीकडून कळलं. पण सुटली. चट्टा फिकट झाला. मी मनातल्या मनात स्वतःला शाल-नारळ दिला.

त्यानंतर काही वर्षांनी विसरणं सुरू झालं.

आधी किरकोळ. भाजीला पिशवी घेऊन जायचे आणि पिशवी आणायचे, भाजी तिथंच. एकच गोष्ट सकाळी सांगायची, आणि दुपारी जेवताना पुन्हा तितक्याच उत्साहानं. मी म्हणायची, "सकाळी सांगितलीत की." हे म्हणायचे, "सकाळची अर्धी व्हती." पण एकदा मोटर चालू करून हे पारावर जाऊन बसले. आमचं पाणी शेजाऱ्याच्या काढायला आलेल्या कांद्यात दिवसभर फिरलं. शेजारी दारात येऊन म्हणाला, "भाऊ, जन्मभर लोकांचं पानी मोजलं तुमी, आन् आता मलाच बुडीवलं व्हय?" हे हसले नाहीत, चिडले नाहीत. कॉटवर बसून हातांकडं बघत राहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. पण घाबरले की माझी जीभ जास्त चालते. मी म्हटलं, "बरं झालं, निवृत्त झालात. नोकरीत असता तर धरणच रिकामं केलं असतं."

पुण्याहून थोरला आला आणि आम्ही तिघं मंचरला त्याच डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी ह्यांना वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. हे आकडे म्हणताना माझ्याकडं बघत होते, जणू मी मागून कॉपी पुरवणार होते. डॉक्टर म्हणाले, "वयापेक्षा थोडं जास्त विसरतायत, पण सौम्य आहे. रोजचे व्यवहार जमतायत. रक्त तपासू, झोप बघू, मग ठरवू."

इथवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात ह्यांनी खिशातून फोन काढला. माझ्या दिराच्या पोरानं काहीतरी पाठवलं होतं. हा पुतण्या सकाळी उठून जगाला दोन गोष्टी देतो, एक फुलांचं चित्र आणि एक आरोग्याचा सल्ला. त्यात लिहिलं होतं, की निकोटिननं म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते.

"डॉक्टर, ह्ये खरं हाय का?" हे म्हणाले. विसराळू माणसाच्या आवाजात एवढी धार मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

डॉक्टर तरुण आणि भले. भल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायची खोड असते. ते म्हणाले, "अगदीच खोटं नाही. तुमच्यासारखं सौम्य विसरणं असलेल्या लोकांवर निकोटिनची पट्टी लावून परदेशात अभ्यास झालेत. कातडीवर चिकटवायची पट्टी. काहींचं लक्ष, आठवण थोडी बरी झाल्यासारखी दिसली. पण अजून खात्री नाही, औषध म्हणून कुणी मान्य केलेलं नाही. आणि हे पट्टीबद्दल आहे हं, देखरेखीखाली. तंबाखूबद्दल नाही. तंबाखूनं रक्तवाहिन्या खराब होतात, विसरणं उलट वाढतं. तुमच्या तोंडाचं तर तुम्हाला माहीतच आहे."

मी सगळं ऐकलं. थोरल्यानं सगळं ऐकलं. ह्यांनी ऐकलं ते असं: "अगदीच खोटं नाही." त्यानंतर ह्यांचे कान बहुतेक मिटले.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर थोरला गाडी काढायला गेला आणि हे म्हणाले, "आलोच." समोर टपरी होती. परत आले ते हनुवटी वर करून.

"काय आहे तोंडात?"

"हं… हं."

"अहो, चट्टा विसरलात?"

ह्यांनी रस्त्याच्या कडेला पिंक टाकली आणि माझ्याकडं अशा दयेनं बघितलं, जशी मी परीक्षेत नापास झालेली पोरगी. "विसरलोच की. म्हनून तर औषध घेतोय."

गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. आमच्याकडं दूध घालायच्या डेअरीसमोर एक ओटा आहे. तिथं सकाळी सात-आठ निवृत्त माणसं बसतात. कुणी बँकेतून, कुणी फौजेतून, कुणी काहीच न करता निवृत्त झालेलं. त्या ओट्याचं आठवडाभरात संशोधन केंद्र झालं. विषय, तंबाखू आणि मेंदू. प्रयोगशाळा, प्रत्येकाचा गाल. ज्यांनी सुनांच्या धाकानं सोडली होती त्यांनी पुन्हा धरली. ज्यांनी कधी सोडलीच नव्हती ते आता जुने शास्त्रज्ञ म्हणून मानाच्या जागेवर बसू लागले. फौजेतून आलेले एक काका मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाई, तुमी मास्तरीन असून भाऊंची पुडी चुलीत घातली. आवो, लई नुकसान केलं बघा डोक्याचं." मी म्हटलं, "काका, तुम्ही तर आयुष्यभर खाताय. मग मागच्या महिन्यात लग्नाला म्हणून तयार होऊन दहाव्याला कसे गेलात?" ते म्हणाले, "त्या दिशी पुडी संपली व्हती."

अशा विज्ञानापुढं कोण टिकणार?

मी भांडले, रडले, थोरल्याला फोन लावला. थोरला फोनवर ह्यांच्यावर ओरडला. हे फोन कानाला लावून मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं, पाऊस हाय का तिकडं?" खरं सांगायचं तर तंबाखू सुरू झाल्यावर हे जरा तरतरीत दिसायला लागले होते. चार शब्द जास्त बोलत. मलाही कधीकधी वाटायचं, असेल का काही त्यात? मग मी स्वतःच्याच मनाला दटावायची. तल्लफ भागलेला माणूस तरतरीत दिसणारच. चहा न मिळालेली मी आणि चहा मिळालेली मी ह्या दोन वेगळ्या बायका आहेत.

मग आण्याची यात्रा आली.

आणे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला पठारावर. थंडीतल्या त्या यात्रेत मोठमोठ्या कढयांत आमटी करतात, भाकरीबरोबर. दरवर्षी आम्ही जातो. माझी बहीण तिकडंच दिली आहे. आमची जुनी छोटी गाडी हेच चालवतात, मला येत नाही. डॉक्टरांनी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर चालवायला हरकत नाही म्हटलं होतं. जेवण झालं, बहिणीनं आमटीची किटली भरून दिली. किटली सांडू नये म्हणून ह्यांनी ती पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. मी मागं बसले, विनापट्टा. किंमत कशाला जास्त हे तिथंच कळायला हवं होतं.

घाट उतरून आळेफाट्याच्या अलीकडं एका पंपावर हे पेट्रोलला थांबले. मी म्हटलं, "जरा जाऊन येते." हे म्हणाले, "लवकर ये." म्हणजे ह्यांनी मला उतरताना पाहिलं, माझ्याशी बोललेही. मी संडासातून बाहेर आले तर पंपावर गाडी नव्हती.

आधी वाटलं, बाजूला लावली असेल. मग पंपाला चक्कर मारली. पेट्रोल भरणारा गडी म्हणाला, "पांढरी गाडी ना मावशी? काकांनी बार भरला आन् गेले की." औषधाचा डोस घेऊन निघाले होते तर.

माझी पर्स, पर्समधला फोन, सगळं गाडीत. गड्यानं स्वतःचा फोन पुढं केला. "नंबर सांगा, लावतो." मी तोंड उघडलं आणि नंबर आठवेना. ह्यांचा नाही, थोरल्याचा नाही, बहिणीचाही नाही. आठवला तो एकच, माझ्या माहेरचा जुना, भिंतीवरच्या फोनचा. तो बंद होऊन जमाना झाला. विसराळू नवऱ्याला रोज टोमणे मारणारी, पोरांकडून पाढे घोकून घेणारी मास्तरीण पंपावर उभी, आणि डोक्यात एक नंबर, तोही मेलेल्या फोनचा. गडी फार सभ्य. त्यानं खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, "बसा. येतील. आमच्याकडं असं व्हतं अदीमदी."

मी बसले. ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते, यात्रेहून परतणाऱ्या गाड्या जात होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणायची, "किटलीची."

ह्यांचं काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. हे नारायणगावापर्यंत माझ्याशी बोलत गेले. मागून उत्तर नाही, याचं ह्यांना काही वाटलं नाही. आमच्यात ती पद्धतच आहे. तिथं रसवंतीपाशी थांबून "रस घेती का?" म्हणून मागं वळले, तर सीटवर फक्त माझी पर्स. हे परत फिरले. पण मला कुठं उतरवलं तेच आठवेना. पंप डोक्यातून पार पुसला गेला होता. माझ्यासमोरून गाडी घाटाकडं गेली असणार, गर्दीत ना त्यांनी मला पाहिलं ना मी त्यांना. हे थेट आण्याला पोचले. देवळात शोधलं, पंगतीत शोधलं, भांडी घासणाऱ्या बायकांत शोधलं. शेवटी कर्ण्यावरून पुकारा करवला. माझ्या बहिणीनं तो घरात बसून ऐकला. "निरगुडसरच्या बाई हरवल्या आहेत. असतील तिथून देवळापाशी यावं. त्यांचे यजमान वाट बघत आहेत." शिक्षिका म्हणून इतकी वर्षं काढली, पण सगळ्या पठाराला माझी ओळख झाली ती अशी.

बहीण धावत देवळात गेली. तिनं विचारलं, "भावजी, पेट्रोल भरलं का कुठं?" तेव्हा ह्यांना पंप आठवला.

गाडी पंपावर आली तेव्हा उन्हं कलली होती. मी तोंडात वाक्यं तयार करून ठेवली होती. चांगली सात-आठ, एकाहून एक. हे गाडीतून उतरले. तोंड रिकामं होतं. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, ती सकाळी नीट होती. मध्येच कधी काढली आणि लावली देव जाणे. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझा दंड धरला. रस्त्यावर, लोकांसमोर. ह्यांनी लग्नातही माझा हात भटजींनी दोनदा सांगितल्यावर धरला होता.

"मला वाटलं तू घरीच हाईस," हे म्हणाले. "मग वाटलं आण्याला हाईस. मग म्हनलं, तू आली व्हतीस का न्हाई बरूबर? त्येच आठवंना. मग मला काय वाटायचंच बंद झालं."

ती सात-आठ वाक्यं मी पंपावरच सोडून दिली. मी म्हटलं, "चला, आमटी गार झाली असेल." हे रडत होते. पंपावरचा गडी उगाच दुसऱ्या गाडीच्या टाकीकडं बघत राहिला. आम्ही तिथल्याच टपरीवर चहा घेतला. बहिणीचा मुलगा मोटारसायकलवर मागोमाग आला होता, त्यानं आमची गाडी घरापर्यंत चालवली. ह्या वेळी मी पुढं बसले आणि किटली मागं.

दुसऱ्याच दिवशी मंचर. रक्ताचे अहवाल येऊन पडले होते, आम्हीच विज्ञानात गुंतलो होतो. बी-ट्वेल्व फार कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, हेही विसरण्याचं एक कारण असू शकतं, इंजेक्शनं घेऊ. मग त्यांनी ह्यांना तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली. चट्टा परत आला होता. पहिल्यापेक्षा मोठा.

"काका," ते म्हणाले, "उद्या सगळं आठवायला लागलं आणि तोंडाचं ऑपरेशन करावं लागलं, तर काय काय आठवत बसाल?"

हे खाली बघून म्हणाले, "सुटत न्हाई वो. आधी सोडली तवा जोर व्हता. आता न्हाई."

आणि डॉक्टरांनी काय लिहून द्यावं? निकोटिनची पट्टी! तंबाखू सोडण्यासाठी, तल्लफ हळूहळू उतरवण्यासाठी, आधी मोठी, मग लहान, मग बंद. मला दोनदा बजावून सांगितलं, हे आठवणीचं औषध नाही. मी ह्यांना चारदा सांगितलं. व्यर्थ. औषधाच्या दुकानातून हे बाहेर आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. "बघ. पट्टीच दिली का न्हाई?"

पहिल्या दिवशी पट्टी लावली आणि वर गुपचूप एक बार भरला. दुहेरी उपचार! तासाभरात गोठ्यापाशी भिंत धरून ओकत होते, तोंड पांढरंफटक, घामानं चिंब. डॉक्टर फोनवर एवढे चिडले, की फोन मला कानापासून लांब धरावा लागला. ते प्रकरण एक फार चांगलं करून गेलं. त्या दिवसापासून ह्यांना तंबाखूच्या वासानंसुद्धा मळमळायला लागलं. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रवचनांना जे जमलं नाही, ते एका ओकारीनं केलं.

ओट्यावर मात्र पट्टीचं दर्शन घ्यायला रांग लागली. हे रोज बाही वर करून दंड दाखवायचे. बँकेतले काका म्हणाले, "दंडाला कशाला लावता राव? मेंदू कुठं, दंड कुठं? कपाळाला लावा, लगेच पोचंल." कुणी विचारलं जुनी झालेली मिळेल का. मी घरी जुनी पट्टी दुमडून, कागदात गुंडाळून, पुरून टाकायला लागले. न जाणो, कुणी उकरायचं.

काही महिन्यांत पट्ट्या लहान होत गेल्या आणि संपल्या. ह्यांचं विसरणं थोडं कमी झालं. हे म्हणतात, पट्टीनं. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनांनी असेल, झोप सुधारली त्यानं असेल. थोरला म्हणतो, त्यानं फोनवर टाकून दिलेल्या शब्दकोड्यांनी. ओटा म्हणतो, मुळात पुन्हा तंबाखू धरली म्हणूनच सगळं वळणावर आलं. माझं श्रेय अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. मी वाट बघते आहे. वाट बघण्याचा मला अनुभव आहे.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी गाल तपासला, चट्टा बराच आटला होता. मग ते वार, तारीख, उलटे आकडे वगैरे झालं. डॉक्टर म्हणाले, "आहे तिथंच आहे. ह्या वयात तिथंच असणं चांगलंच." एसटीनं परत येताना ह्यांनी स्टँडवर फुटाण्यांचा पुडा घेतला. हल्ली तोंडात काहीतरी लागतं म्हणून खिशात फुटाणे असतात. एसटी सुटली. ह्यांनी पुडा माझ्यासमोर धरला, "घे." मी मूठभर घेतले. अवसरीचा फाटा गेल्यावर ह्यांनी पुन्हा पुडा पुढं केला आणि जरा रागानंच म्हणाले, "अगं, घे की. मगापासनं एकटाच खातोय, तुला इचारलंच न्हाई."

मी पुन्हा मूठभर घेतले.